सात बुरुजांचे जहाज : ‘रिओ दि जानेरो’, ‘सुलतान उस्मान’ आणि ‘अ‍ॅजिनकोर्ट’

ज्यांनी मागवले त्यांना ते परवडू नये, ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या हाती ते पडू नये, आणि ज्यांनी कधी मागितलेच नव्हते त्यांच्या नौदलात ते आठ वर्षे राहावे, असा योग एकाच जहाजाच्या वाट्याला क्वचितच येतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे टाइन नदीकाठी आर्मस्ट्राँग कंपनीने बांधलेली एक युद्धनौका ब्राझीलसाठी ‘रिओ दि जानेरो’ म्हणून सुरू झाली, ऑटोमन साम्राज्यासाठी ‘सुलतान उस्मान-इ-एव्वेल’ म्हणजे ‘पहिला सुलतान उस्मान’ झाली आणि अखेर ब्रिटिश नौदलात ‘अ‍ॅजिनकोर्ट’ या नावाने दाखल झाली. सात फिरत्या बुरुजांत मिळून चौदा १२ इंची तोफा तिच्यावर होत्या. ड्रेडनॉट प्रकारच्या दुसऱ्या कोणत्याही युद्धनौकेवर इतके बुरूज किंवा इतक्या जड तोफा कधीच बसवल्या गेल्या नाहीत.

या प्रकरणात तपासण्यासारखे निर्णय दोन आहेत. पहिला १९११ मधला, म्हणजे असा आराखडा कोणी आणि का पसंत केला. दुसरा १९१४ च्या उन्हाळ्यातला, म्हणजे पूर्ण पैसे दिलेल्या गिऱ्हाइकाचे जहाज ब्रिटनने जप्त केले ते कितपत शहाणपणाचे होते. जहाजाविषयी जे लिहिले जाते त्यातले बरेचसे चौदा तोफांच्या नवलाईवरच खर्ची पडते. माझ्या मते या जहाजाने इतिहासावर जो काही परिणाम केला तो मुख्यतः त्या आठवड्यात केला, ज्या आठवड्यात ते धक्क्याला बांधलेले होते आणि त्याच्या एकाही तोफेतून शत्रूवर गोळा सुटलेला नव्हता.

मागणीमागची ईर्ष्या

ब्राझीलने १९०४ मध्ये आपले नौदल नव्याने उभे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा त्यात जुन्या धाटणीच्या युद्धनौका होत्या. १९०६ मध्ये ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरली आणि एकाच आकाराच्या दहा जड तोफा व टर्बाइनची यंत्रे असलेल्या त्या एका जहाजापुढे जगातल्या बाकी सगळ्या युद्धनौका जुन्या ठरल्या. ब्राझीलने आपली मागणी बदलली. ‘मिनास जेराइस’ आर्मस्ट्राँगकडे आणि ‘साओ पाउलो’ व्हिकर्सकडे बांधली जाऊन दोन्ही १९१० मध्ये तयार झाल्या. ज्या काळात फ्रान्स, इटली आणि रशिया यांच्याकडे एकही ड्रेडनॉट सेवेत नव्हती, त्या काळात रबर आणि कॉफी विकून जगणाऱ्या एका दक्षिण अमेरिकन प्रजासत्ताकाकडे दोन होत्या. शेजाऱ्यांना हे सहन होणे शक्य नव्हते. अर्जेंटिनाने अमेरिकेत ‘रिवादाविया’ आणि ‘मोरेनो’ या बारा तोफांच्या दोन नौका मागवल्या. चिलीने आर्मस्ट्राँगकडेच ‘अल्मिरांते लातोरे’ ही दहा १४ इंची तोफांची नौका मागवली.

या चढाओढीत ब्राझीलची तिसरी नौका सर्वांवर कडी करणारी हवी होती. १९१० मध्ये तिचा कणा एकदा घातला गेला आणि काम थांबवलेही गेले, कारण तोवर तो आराखडाच मागे पडल्यासारखा वाटू लागला. त्यानंतर आर्मस्ट्राँगचे नौकारचनाकार युस्टेस टेनिसन डिएनकोर्ट यांच्या आराखड्यांतून बारा १४ इंची तोफांचे एक जहाज जवळजवळ ठरले. तेवढ्यात ब्राझीलमध्ये सरकार बदलले. एर्मेस दा फोन्सेका राष्ट्राध्यक्ष होऊन जेमतेम आठवडा झाला होता, तोच २२ नोव्हेंबर १९१० रोजी ‘मिनास जेराइस’वरील खलाशांनी बंड केले. चाबकाच्या शिक्षेने खलाशांच्या पाठी फोडणारी शिस्त बंद करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. जोआँव कांदिदो या खलाशाच्या नेतृत्वाखाली त्यांनी देशातल्या सर्वांत महागड्या जहाजांच्या तोफा राजधानीवरच रोखल्या. संसदेला माफीचा कायदा करावा लागला, मागाहून त्याला हरताळ फासला गेला ही गोष्ट वेगळी. परदेशी गोदीतून विकत आणलेले पोलादी वैभव आणि ते चालवणाऱ्या माणसांची अवस्था यांतले अंतर एवढ्या उघडपणे क्वचितच दिसले असेल.

बंडानंतरही तिसरी नौका रद्द झाली नाही, मात्र तिचे स्वरूप बदलले. १४ इंची तोफांऐवजी आधीच्या दोन जहाजांवर असलेल्या १२ इंची तोफाच ठेवाव्यात, म्हणजे तिन्ही जहाजांना एकाच मापाचा दारूगोळा लागेल, असे नव्या नौदलमंत्र्यांचे मत पडले. हे मत व्यवहाराला धरून होते. परंतु गोळ्याचे माप वाढवायचे नाही आणि तरीही शेजाऱ्यांपेक्षा भारी दिसायचे, तर वाढवण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तोफांची संख्या. चौदा तोफांचा आकडा या पेचातून निघाला. १४ सप्टेंबर १९११ रोजी न्यूकॅसलमध्ये नव्या आराखड्यानुसार कणा घातला गेला.

आराखड्याचा हिशेब

सात बुरूज एकाच रेषेत बसवायचे म्हणजे जहाज लांब होणार हे उघड होते. एकूण लांबी २०४.७ मीटर आणि रुंदी २७.१ मीटर भरली. त्या काळच्या ब्रिटिश ‘आयर्न ड्यूक’ वर्गातल्या नौका जेमतेम १९० मीटरच्या होत्या. पुढच्या भागात एकावर एक चढवलेले दोन बुरूज, दोन धुराड्यांच्या मध्ये एकाच पातळीवर दोन आणि मागच्या भागात तीन, अशी मांडणी होती. सर्व बुरूज मध्यरेषेवर असल्यामुळे चौदाही तोफा कोणत्याही एका बाजूला वळवता येत, आणि हा या मांडणीचा खरा गुण होता. शिवाय सुमारे वीस ६ इंची तोफा दोन्ही बाजूंच्या झरोक्यांत होत्या. ही दुय्यम फळीदेखील इतर समकालीनांच्या मानाने भरगच्चच म्हटली पाहिजे. बावीस बॉयलर, पार्सन्स टर्बाइन, चार पंखे आणि ३४,००० अश्वशक्ती यांच्या जोरावर २२ नॉटचा वेग अपेक्षित होता आणि चाचण्यांत तो मिळालाही. बॉयलर कोळशावर चालत आणि कोळशावर तेलाचा फवारा मारण्याची सोय होती. पूर्ण भरलेल्या अवस्थेत वजन ३०,००० टनांच्या वर जाई.

आता किंमत कशात मोजली गेली ते पाहू. बाजूच्या मुख्य चिलखती पट्ट्याची जाडी ९ इंच होती, तर ‘आयर्न ड्यूक’ची १२ इंच. बुरुजांच्या तोंडावर १२ इंच पोलाद होते. पण बुरूज ज्या गोल चिलखती विहिरींवर फिरतात आणि ज्यांच्यातून गोळा व दारू वर चढते त्या विहिरींचे कवच वरच्या डेकखाली बरेच पातळ होत जाई. म्हणजे जी जागा फुटली तर सारे जहाजच उडण्याची भीती, तीच जागा सातदा उघडी. प्रत्येक बुरुजाखाली दारूगोळ्याचे कोठार, आणि त्यांतली दोन कोठारे बॉयलरखान्यांच्या मधोमध. जहाजाच्या पोटातल्या जलरोधक आडभिंतींची विभागणीही ब्रिटिश नौदलाच्या कसोटीला उतरणारी नव्हती. अधिकाऱ्यांच्या बैठकीची दालने मात्र प्रशस्त होती, कारण गिऱ्हाईक परदेशी सरकार होते आणि बंदरात पाहुण्यांना जहाज दाखवणे हाही त्या सरकारच्या दृष्टीने नौदलाच्या कामाचाच भाग होता.

एवढे करून मारा तरी किती वाढला, याचे गणित साधे आहे. १२ इंची तोफेचा गोळा सुमारे ३८६ किलोचा असे, तेव्हा चौदा तोफांची एक फैर सुमारे ५,४०० किलोची झाली. ‘आयर्न ड्यूक’वर १३.५ इंची दहाच तोफा होत्या, पण प्रत्येक गोळा ६३५ किलोचा, म्हणजे फैर ६,३५० किलोची. ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गात तर १५ इंची आठच तोफा आणि फैर ६,९०० किलोच्या पुढे. चार बुरुजांचे जहाज सात बुरुजांच्या जहाजापेक्षा अधिक पोलाद फेकत होते, तेही जास्त जाड चिलखतामागे राहून. जड गोळा दूरवर आपला वेग टिकवतो आणि चिलखत अधिक खोल भेदतो, हा फायदा वर वेगळाच. ‘रिओ दि जानेरो’चे २२ जानेवारी १९१३ रोजी जलावतरण झाले, तेव्हा १५ इंची तोफांच्या ब्रिटिश नौकांचे कणे पडलेले होते. पाण्यात शिरतानाच ती मागच्या पिढीची झाली होती.

रचनाकारांना हे कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. डिएनकोर्ट १९१२ मध्ये आर्मस्ट्राँग सोडून ब्रिटिश नौदलाचे मुख्य नौकारचनाकार झाले आणि त्या पदावर १९२४ पर्यंत राहिले. आपल्या राजाच्या नौदलासाठी त्यांनी सात बुरुजांचे जहाज कधीच सुचवले नाही. परक्या सरकारसाठी आखलेले जहाज दोन वर्षांनी त्यांच्याच खात्यात सुधारणेसाठी येऊन पडेल, असे मात्र १९१२ मध्ये त्यांना सांगितले असते तर त्यांनी हसण्यावारी नेले असते.

गिऱ्हाईक बदलते

जहाज पाण्यात होते, तोवर ब्राझीलची तिजोरी रिकामी होत आली. मलाया आणि सिलोन येथील मळ्यांतले स्वस्त रबर बाजारात आल्यावर अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या रबराचा भाव १९१० च्या शिखरावरून कोसळला होता. शेजारच्या चिलीची नौका १४ इंची तोफा घेऊन येणार हेही स्पष्ट झाले होते. ज्या मोठेपणासाठी एवढा खटाटोप केला तो मोठेपणाच उरत नाही म्हटल्यावर, १९१३ मध्ये ब्राझीलने जहाज विकायला काढले.

विकत घ्यायला उत्सुक असलेले दोघे एजियन समुद्राच्या दोन काठांवर होते. बाल्कन युद्धात ग्रीसच्या ‘आवेरोफ’ या एकाच चिलखती क्रूझरने डिसेंबर १९१२ मध्ये एली येथे आणि जानेवारी १९१३ मध्ये लेमनोसजवळ ऑटोमन ताफ्याला डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी कोंडून ठेवले होते. बेटे हातची गेली होती. त्यामुळे इस्तंबूलमध्ये ड्रेडनॉट ही केवळ नौदलाची गरज राहिली नव्हती, ती लोकांच्या मनाची गरज झाली होती. १९०९ मध्ये स्थापन झालेली ‘दोनान्मा’ म्हणजे आरमार संघटना गावोगाव वर्गण्या गोळा करत होती. व्हिकर्सच्या गोदीत ‘रेशादिये’ ही दहा १३.५ इंची तोफांची नौका ऑटोमन सरकारसाठी आधीच बांधली जात होती. २८ डिसेंबर १९१३ रोजी ‘रिओ दि जानेरो’ही २७,५०,००० पौंडांना ऑटोमन सरकारने घेतली. ग्रीसने उत्तरादाखल १९१४ मध्ये अमेरिकेच्या दोन जुन्या युद्धनौका विकत घेतल्या.

जहाज आणायला ऑटोमन सरकारने माणूसही तोलामोलाचा नेमला होता. ‘हमीदिये’ क्रूझर घेऊन बाल्कन युद्धात ग्रीक नाकेबंदी फोडून बाहेर पडलेले आणि त्यामुळे घराघरात नाव झालेले कॅप्टन रऊफ बे. जुलै १९१४ च्या अखेरीस सुमारे पाचशे तुर्की खलाशी घेऊन आलेली आगबोट टाइन नदीत नांगर टाकून उभी होती. शेवटचा हप्ता चुकता झाला होता आणि ध्वजारोहण काही दिवसांवर आले होते.

ऑगस्टचा पहिला आठवडा

सारायेवोतील हत्येला महिना उलटला होता आणि युरोप युद्धाच्या उंबरठ्यावर होता. तुर्की नौका अपुऱ्या अवस्थेतच निघण्याच्या तयारीत आहे, अशी खबर लंडनला लागली. ब्रिटनचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी दोन्ही तुर्की नौका रोखून धरण्याचा आदेश दिला. सशस्त्र सैनिक न्यूकॅसलच्या गोदीत शिरले, तुर्की खलाशांना जहाजावर पाऊल ठेवू दिले गेले नाही आणि ३ ऑगस्टला ऑटोमन सरकारला जप्तीची अधिकृत कल्पना देण्यात आली. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ते ४ ऑगस्टला, म्हणजे जप्ती झाली तेव्हा ब्रिटन अजून कोणाशीही युद्धात नव्हता आणि ऑटोमन साम्राज्याशी तर त्याचे उघड वैरही नव्हते.

ब्रिटनच्या बाजूने बोलायचे तर कारणे लंगडी नव्हती. जर्मन ताफ्यापेक्षा ब्रिटिश ताफा मोठा असला तरी ते आधिक्य एवढे मोठे नव्हते की एखाददुसरे जहाज बुडाले तरी चालेल. २७ ऑक्टोबर १९१४ रोजी आयर्लंडच्या उत्तरेस ‘ऑडेशस’ ही नवी युद्धनौका सुरुंगावर आदळून बुडाली. पुढच्याच महिन्यात दक्षिण अटलांटिक आणि कॅरिबियनकडे काही बॅटलक्रूझर, म्हणजे जड तोफांच्या पण वेगासाठी चिलखत कमी ठेवलेल्या युद्धनौका, पाठवाव्या लागल्या. त्या आठवड्यांत उत्तर समुद्रातल्या ताफ्याची आघाडी खरोखर चिमटीत मावेल एवढीच उरली होती. शिवाय ही दोन जहाजे इस्तंबूलला पोहोचून पुढे जर्मनीच्या कामी आली असती तर ब्रिटनवर दुहेरी घाव बसला असता.

दुसरी बाजू पाहताना एक कालक्रम नीट ध्यानात घ्यावा लागतो, कारण लोकप्रिय कथनात तो नेहमी उलटा मांडला जातो. जप्तीमुळे चिडून तुर्कस्तान जर्मनीला मिळाले, असे सरसकट म्हणतात. प्रत्यक्षात जर्मनी आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यातला गुप्त तह २ ऑगस्टला झाला, म्हणजे जप्तीची अधिकृत वार्ता मिळण्याच्या आदल्या दिवशी, आणि त्याची बोलणी जुलैपासूनच सुरू होती. ऑटोमन युद्धमंत्री एन्व्हर पाशा आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांचा कौल आधीच ठरला होता. परंतु तह करणे वेगळे आणि देशाला युद्धात उतरवणे वेगळे. मंत्रिमंडळातच तटस्थतेच्या बाजूचे लोक होते आणि त्यांच्या हातात ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंतचा वेळ होता. ज्या जहाजासाठी साध्या माणसांनी वर्गणी दिली ते जहाज ऐनवेळी हिसकावून घेतल्यामुळे या तटस्थांच्या हातातले सर्वांत चांगले कारण, म्हणजे ब्रिटनशी असलेला जुना स्नेह, बोथट होऊन गेले.

त्यानंतर जर्मनीने केलेली चाल राजकारणाच्या दृष्टीने अप्रतिम होती. भूमध्य समुद्रात ब्रिटिश ताफ्याला हुलकावणी देऊन ‘गोबेन’ आणि ‘ब्रेस्लाउ’ या दोन जर्मन नौका १० ऑगस्टला डार्डनेल्समध्ये शिरल्या. काही दिवसांतच त्या ऑटोमन नौदलाला ‘विकल्या’चे जाहीर झाले, त्यांची नावे ‘यावुझ सुलतान सलीम’ आणि ‘मिदिल्ली’ झाली आणि जर्मन खलाशांनी डोक्यावर फेज टोप्या चढवल्या. इंग्रजांनी दोन नेली, जर्मनांनी दोन दिली, हा हिशेब बाजारातल्या माणसालाही कळत होता. ब्रिटनने मागाहून युद्धानंतर जहाजे परत देण्याची आणि तोवर तटस्थ राहिल्यास रोज ठराविक रक्कम मोजण्याची तयारी दाखवली, पण तिचा आता उपयोग नव्हता. २९ ऑक्टोबरला जर्मन अ‍ॅडमिरल सुशोन यांच्या हुकमाखाली याच ताफ्याने काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या आणि तटस्थांचा पक्ष संपला.

याच जागी हे प्रकरण मराठी घरांपर्यंत येऊन पोहोचते. ब्रिटनने ५ नोव्हेंबरला ऑटोमन साम्राज्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड इराणच्या आखाताच्या टोकाशी फाओ येथे उतरली. त्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. डिव्हिजनच्या इतर ब्रिगेडमधून १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आली. या तिन्ही पलटणी पुढे इराकमधील कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने टेकीला आलेल्या सैन्याने शरणागती पत्करली तेव्हा सातारा, रत्नागिरी, पुणे भागातले शेतकरी-शिपाई सुमारे १३,००० युद्धकैद्यांत होते. एका जहाजाच्या जप्तीतून हे सगळे घडले असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. तेलाचे साठे, आखाताचे संरक्षण आणि एन्व्हर पाशांची महत्त्वाकांक्षा यांचा वाटा मोठा होता. तरीही कारणांच्या साखळीत न्यूकॅसलच्या धक्क्याची कडी आहे, आणि ती नाकारता येत नाही.

जप्ती योग्य होती का, या प्रश्नाला माझे उत्तर अर्धे आहे. जहाजे अडकवून ठेवणे समजण्यासारखे होते. ज्या पद्धतीने ती अडकवली ती समजण्यासारखी नव्हती. तुलनेसाठी लांब जावे लागत नाही. त्याच आर्मस्ट्राँग कंपनीकडे चिलीची ‘अल्मिरांते लातोरे’ अर्धवट अवस्थेत उभी होती. चिलीशी बोलणी करून सप्टेंबर १९१४ मध्ये ब्रिटनने ती रीतसर विकत घेतली, ‘कॅनडा’ या नावाने युद्धभर वापरली आणि १९२० मध्ये पुन्हा चिलीलाच विकली. तिने तिथे १९५८ पर्यंत सेवा केली. चिलीच्या नायट्रेटवाचून ब्रिटनचा दारूगोळा बनत नव्हता, म्हणून चिलीशी अदबीने बोलणे भाग होते. इस्तंबूल जे देऊ शकत होते, म्हणजे तटस्थता, तिची किंमत त्या आठवड्यात लंडनला नीट लावता आली नाही.

ब्रिटिश नौदलातली वर्षे

नाव बदलून ‘अ‍ॅजिनकोर्ट’ झालेल्या या जहाजावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच खलाशी भरायचे होते आणि राखीव माणसे इतरत्र वाटली गेलेली होती. तेव्हा मिळेल तिथून माणसे गोळा केली. कॅप्टन आणि बरेच खलाशी राजाच्या ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट’ या नौकेवरून आले, तर दुसरी एक तुकडी नौदलाच्या तुरुंगांतून शिक्षा माफ करून आणली गेली. राजवाड्याची अदब आणि कोठडीतला रांगडेपणा एकाच डेकवर नांदू लागला. अधिकाऱ्यांच्या दालनांचा थाट पाहून जहाजाच्या नावाची फोड करून त्याला ‘अ जिन कोर्ट’, म्हणजे जिन या दारूचा दरबार, म्हणण्याची चाल पडली. सात बुरुजांना आठवड्याच्या सात वारांची नावे दिली गेली. उकिडवे बसण्याचे शौचकूप काढून ब्रिटिश पद्धतीचे बसवले. मधल्या बुरुजांवरून जाणारे पुलासारखे डेक तोडून टाकले, कारण लढाईत ते कोसळले तर खालचे बुरूज फिरायचेच थांबले असते. ७ सप्टेंबर १९१४ पासून ती मुख्य ताफ्यात होती. १९१७ मध्ये तिच्यावर १,२६८ माणसे असल्याची नोंद आहे.

चौदाही तोफा एकदम डागल्या तर जहाजाचा कणा मोडेल किंवा ते कलंडेल, असे ताफ्यात बोलले जाई. तशी फैर झाडल्यावर यांपैकी काहीच घडले नाही. मात्र ज्वाळांचा पडदा एवढा प्रचंड उठे की दुरून पाहणाऱ्याला जहाजच उडाले असे वाटावे.

तिच्या वाट्याला खरी लढाई एकच आली. ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या लढाईत कॅप्टन हेन्री डाउटी यांच्या हाताखाली ती व्हाइस अ‍ॅडमिरल बर्नी यांच्या ‘मार्लबरो’मागोमाग जाणाऱ्या चार नौकांच्या तुकडीत शेवटची होती. ताफा एका रांगेत उलगडताना हीच तुकडी शत्रूला सर्वांत जवळची ठरली. सायंकाळी साडेसहाच्या आधीच तिने जर्मन बॅटलक्रूझरवर गोळीबार सुरू केला आणि नंतर धुक्यात व धुरात जसे लक्ष्य दिसेल तसा चालू ठेवला. टॉरपीडो चुकवण्यासाठी तिला वळणे घ्यावी लागली, तर ‘मार्लबरो’ला टॉरपीडो लागलाच. त्यामुळे तिची गती मंदावली आणि सारी तुकडी मुख्य ताफ्यामागे पडली. त्या रात्री जबर जखमी झालेली जर्मन ‘सायडलिट्झ’ अंधारातून जवळून सरकली. ‘अ‍ॅजिनकोर्ट’वरून ती दिसली, पण आपल्या तुकडीची जागा शत्रूला कळू नये म्हणून तिला ना हटकले गेले, ना तिच्यावर तोफ डागली गेली. ‘सायडलिट्झ’ कशीबशी जर्मनीला पोहोचली. सबंध लढाईत ‘अ‍ॅजिनकोर्ट’ने १२ इंची १४४ आणि ६ इंची १११ गोळे डागले. त्यांतला एकही शत्रूला लागल्याची नोंद नाही, आणि तिलाही एक गोळा लागला नाही. चिलखताच्या विहिरी किती पातळ होत्या हे आठवले की, ही दुसरी गोष्ट तिच्या माणसांचे नशीबच म्हणावे लागते. त्याच दिवशी कोठारे पेटून तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर हजारो माणसांसह नाहीशा झाल्या होत्या.

जटलंडनंतरची दोन वर्षे गस्त आणि नांगर यांत गेली. २१ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मन ताफा शरण आला, तेव्हा पाहणाऱ्या जहाजांत तीही होती. मार्च १९१९ मध्ये तिला रोझाइथ येथे राखीव गटात टाकण्यात आले. पुन्हा ब्राझीललाच ती विकण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. तिचे फिरत्या नाविक तळाच्या पुरवठा जहाजात रूपांतर करावे या बेताने काही बुरूज काढायला सुरुवात झाली, तोच वॉशिंग्टनच्या नौदल कराराने मोठ्या युद्धनौकांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि तो बेतही सुटला.

हिशेब मिटतो

जर्मनीने दिलेली ‘यावुझ’ तुर्की नौदलात १९५० पर्यंत राहिली. ‘सुलतान उस्मान’ मात्र त्या ध्वजाखाली एक दिवसही चालली नाही. तिचे कप्तान होण्यासाठी न्यूकॅसलला आलेले रऊफ बे ३० ऑक्टोबर १९१८ रोजी पुन्हा एका ब्रिटिश युद्धनौकेवर चढले. मुद्रोस बंदरात ‘अ‍ॅगामेम्नॉन’वर त्यांनी ऑटोमन साम्राज्याच्या वतीने शस्त्रसंधीवर सही केली.

१९ डिसेंबर १९२२ रोजी ‘अ‍ॅजिनकोर्ट’ भंगारात विकली गेली, तेव्हा स्वित्झर्लंडमधील लोझानमध्ये तुर्कस्तान आणि दोस्त राष्ट्रांची तहाची परिषद सुरू होऊन महिना झाला होता. २४ जुलै १९२३ रोजी झालेल्या तहाच्या ५८ व्या कलमात, ब्रिटनने १९१४ मध्ये ताब्यात घेतलेल्या युद्धनौकांसाठी ऑटोमन सरकारने भरलेले पैसे परत मागणार नाही, असे तुर्कस्तानने लिहून दिले. त्या दिवशी अंकारामध्ये पंतप्रधानपदावर रऊफ बे होते. रोझाइथला जहाज पुरते मोडून व्हायला १९२४ साल संपत आले.